पत्ता अपुरा

तांबळडेगला गोदू तांडेलच्या मांगराची मागची भिंत
मातीची आहे, आणि तिला भोकं आहेत
पेन्सिल जाईल एवढी.
आश्विनात तिथून निळ्या पट्ट्यांच्या माशा निघतात,
परसातल्या वांग्याच्या फुलाला उलट्या लटकतात
आणि अंगभर थरथरून
पराग झाडून घेतात.
तो आवाज न्हाणीघरापर्यंत येतो.

मी टपालखात्यात तेहतीस वर्षं काढली.
एका वाडीत तीन विष्णू कुबल होते:
एक होडीवाला, एक गिरणीतून परतलेला, एक लंगडा,
आणि तिघांच्याही बापाचं नाव गणपत.
नुसतं नाव असलं की मी अक्षर बघायचो,
शाई बघायचो,
पाकिटाला वास कसला येतो तेही.
एकदाच चुकलो.
ती मनीऑर्डर कुणाची होती
ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता भिंगाखाली माशा असतात.
पुण्याच्या लागू बाई फोनवर सांगतात:
चार पट्टे मादी, पाच पट्टे नर, तिथवर सोपं.
पण जाती दोन आहेत, कदाचित तीन.
निळा किती निळा, यावर जाऊ नका.
वय झालं की केस झडतात, रंग विटतो,
म्हातारी माशी कुठल्याही जातीत खपते.
तोंडावरची पिवळी नक्षी बघा,
तिच्यातला काळा डाग कुठवर उतरतो,
मागच्या पायाचे केस कुठे पांढरे, कुठे काळे,
आणि नर असेल तर शेपटाकडचं टोक
सुईने अलगद उघडून...
बाई इथे थांबतात. संकोचाने नव्हे,
त्यांना दुसरा फोन येतो.

गोदू टोपली उतरवते.
"इतको येळ काय बघतस?"
दोन सारख्याच आहेत, म्हटलं, वेगळ्या कशा ओळखू.
ती एक तारली काढते, एक पेडवा.
दोन्ही चांदी, दोन्ही वीतभरही नाहीत.
माझं बोट धरून पोटाखालून डोक्याकडे उलटं फिरवते.
एक निसटून जाते.
दुसरा करवतीसारखा बोटाला लागतो.
"डोळ्यांका इचारू नको," ती म्हणते,
"डोळे सगळ्यांकाच तारली म्हणतत."

मासा मेलेला असतो म्हणून बोट फिरवू देतो.
मासा आणि माशी, अक्षराचाच काय तो फरक;
मलाही तेच करावं लागतं.
बाटलीत कापूस, कापसावर औषध, वीस मिनिटं.
मग टाचणी.
मग चिठ्ठी, मुंगीच्या अक्षरात:
तांबळडेग, मातीची भिंत, वांगं, सकाळी नऊ.

नर रात्री बिळात जात नाहीत.
दिवस कलला की सड्याच्या कडेला
वाळल्या गवताची काडी जबड्यात धरतात,
पाय सोडून देतात
आणि तसेच झोपतात, दाताच्या आधारावर.
काल एका काडीला सात होते.
टॉर्च लावून मोजले: पाच पट्टे, पाच पट्टे, पाच...
दोघांचा निळा हिरव्याकडे झुकलेला,
चौघांचा पार आभाळी,
आणि मधल्याचे पट्टे विटून राखेसारखे,
पंखांच्या कडा फाटलेल्या.
कुणी कुणाला सरक म्हटलेलं दिसत नव्हतं.
हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणतील,
शेजारी झोपला म्हणून जात ठरत नाही.
खरंच आहे ते.

त्या मधल्याला काडीसकट घरी आणलं.
सकाळी भिंगाखाली:
नक्षी आहे, पण पुसट.
डाग उतरतो, पण अर्ध्यावर थांबतो.
पायाचे केस गेलेले.
सुई घेतली. उघडलं. पुस्तकातल्या दोन्ही चित्रांशी
थोडं जुळलं, थोडं नाही.
नावाच्या जागी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग हाताने आपणच लिहिलं, पेन्सिलीने,
जुन्या सवयीने तिरकं:
पत्ता अपुरा.

हा शेरा मी नोकरीत शेकडो वेळा मारला.
तेव्हा पाकीट
पाठवणाऱ्याकडे परत जायचं.